सिकंदराने मागे काय ठेवले?

एखाद्याला सगळीकडे यश मिळू लागले, की आपण म्हणतो, 'याची तकदीर सिकंदर आहे!' उर्दूत म्हणतो, मराठीतही म्हणतो. १९७८ साली आलेल्या एका हिंदी चित्रपटाचे नावच 'मुकद्दर का सिकंदर' असे होते. आपल्या मोहल्ल्यात सिकंदर नावाचे एखादे चाचा किंवा एखादा मित्र असतोच. पण मित्रांनो, हे नाव मुळात ना उर्दू आहे, ना मराठी, ना अरबी. ते ग्रीक आहे आणि सुमारे तेवीसशे वर्षांचा प्रवास करून आपल्या गल्लीत आले आहे.

मूळ नाव 'अलेक्झांड्रॉस'. हे नाव अरबांच्या कानांवर पडले, तेव्हा त्यांना सुरुवातीचे 'अल' आपल्याच भाषेतले 'अल' वाटले. 'अल-किताब', 'अल-कलम' तसे 'अल-इस्कंदर'! मग 'अल' गळून पडले, 'इस्कंदर' उरले आणि बोलता बोलता त्याचे 'सिकंदर' झाले. नाव प्रवासात बदलले, पण हरवले नाही. सिकंदराच्या मागून ग्रीकांच्या ज्या अनेक गोष्टी पूर्वेकडे आल्या, त्यांचेही असेच झाले.

आधी त्याची हकिकत थोडक्यात पाहू. ग्रीसच्या उत्तरेस मॅसिडोनिया नावाचे राज्य होते. तेथील राजा दुसरा फिलिप याच्या घरी इ. स. पूर्व ३५६ मध्ये पेल्ला या राजधानीत सिकंदराचा जन्म झाला. मुलगा तेरा वर्षांचा झाला, तेव्हा फिलिपने त्याच्यासाठी एक शिक्षक बोलावला. हा शिक्षक म्हणजे ॲरिस्टॉटल, तुमच्या उर्दू पुस्तकांतला अरस्तू. विसाव्या वर्षी सिकंदर गादीवर बसला. इ. स. पूर्व ३३४ मध्ये तो सैन्य घेऊन आशियात उतरला. गौगामेलाच्या मैदानावर इ. स. पूर्व ३३१ मध्ये त्याने इराणचा बादशहा दारा याचा निर्णायक पराभव केला. मग मध्य आशिया, हिंदुकुश पर्वत, पंजाब अशी मजल मारत तो झेलम नदीवर पोहोचला आणि इ. स. पूर्व ३२६ मध्ये पोरस राजाशी लढला. पुढे बियास नदीपाशी त्याच्याच सैनिकांनी पाय रोवले. 'आता पुरे, घरी चला,' असा त्यांचा हट्ट होता. जगाला न जुमानणाऱ्या सिकंदराला आपल्या शिपायांपुढे हार मानावी लागली. परतीच्या वाटेवर, इ. स. पूर्व ३२३ च्या जून महिन्यात, तो बाबिलोनमध्ये तापाने मरण पावला. तेव्हा त्याला तेहतीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

या स्वारीची किंमत कोणी दिली, हेही लक्षात ठेवले पाहिजे. बंड करणारे थीब्ज हे ग्रीक शहर त्याने जमीनदोस्त केले आणि तेथील हजारो माणसे गुलाम म्हणून विकली. टायर या बंदराला त्याने सात महिने वेढा दिला आणि शहर पडल्यावर तेथे मोठी कत्तल झाली. इराणमधील पर्सेपोलिसचा भव्य राजवाडा त्याच्या सैन्याने जाळला. पंजाबातील मल्ल लोकांच्या गावांत बायकामुलांनाही सोडले नाही. युरोपातील पुस्तके त्याला 'सिकंदर महान' म्हणतात. पण इराणच्या जुन्या जरथुश्त्री ग्रंथांत त्याचे नाव 'गुजस्तक' असे येते. गुजस्तक म्हणजे शापित. त्याने आमचे पवित्र ग्रंथ जाळले, असे ते ग्रंथ सांगतात. ज्यांचे घर जळाले, ते जाळणाऱ्याला महान कसे म्हणतील?

आणि तरीही हा माणूस केवळ जाळपोळ करणारा नव्हता. इराण जिंकल्यावर त्याने इराणी पोशाख घालायला सुरुवात केली, इराणी सरदारांना पदे दिली, इराणी तरुणांना आपल्या सैन्यात घेतले. इ. स. पूर्व ३२४ मध्ये सूसा शहरात त्याने एक अजब लग्नसोहळा केला. तो स्वतः आणि त्याचे सुमारे ऐंशी सरदार यांनी एकाच वेळी इराणी घराण्यांतील मुलींशी विवाह केले. मॅसिडोनियाच्या जुन्या सरदारांना हे मुळीच आवडले नाही. हरलेल्यांचे कपडे आपल्या राजाने का घालावेत, असे त्यांना वाटे. सिकंदर मरताच त्यांतील बहुतेकांनी आपल्या इराणी बायका सोडून दिल्या, असे मानले जाते. सेल्युकस नावाच्या सरदाराने मात्र आपल्या बायकोला, अपामाला, सोडले नाही. पुढे सेल्युकस राजा झाला, तिच्या नावाने शहरे वसली आणि तिचाच मुलगा अँटिओकस गादीवर बसला. हाच सेल्युकस चंद्रगुप्त मौर्याशी लढला, मग त्याच्याशी तह केला आणि त्या तहात त्याला पाचशे हत्ती मिळाले.

सिकंदराच्या मृत्यूनंतर त्याचे साम्राज्य एकसंध राहिले नाही. सरदार आपापसांत लढले. त्याची आई, बायको रुखसाना आणि लहान मुलगा हे सगळे पुढच्या काही वर्षांत मारले गेले. 'माझे दोन्ही हात जनाज्याबाहेर ठेवा, म्हणजे मी रिकाम्या हातांनी गेलो हे लोकांना कळेल,' असे सिकंदर मरताना म्हणाला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गोष्ट सुंदर आहे, पण ती लोकांनी नंतर रचलेली आहे. इतिहासकारांच्या जुन्या वृत्तांतांत ती नाही.

साम्राज्य गेले, पण जी माणसे त्याच्या वाटेने आली होती, ती सगळी परत गेली नाहीत. शिपाई, कारागीर, व्यापारी, वैद्य, नट, शिल्पकार अशी ग्रीक माणसे इजिप्तपासून अफगाणिस्तानापर्यंत ठिकठिकाणी स्थायिक झाली. त्यांनी आपली भाषा व कला नव्या शेजाऱ्यांना दिली आणि शेजाऱ्यांचे देव व ज्ञान आपलेसे केले.

इजिप्तच्या किनाऱ्यावर सिकंदराने आपल्या नावाने एक शहर वसवले होते. त्याला आपण इस्कंदरिया म्हणतो. त्याच्या मृत्यूनंतर टॉलेमी या सरदाराच्या घराण्याने तेथे राज्य केले आणि एक प्रचंड ग्रंथालय उभारले. भूमितीचे प्रमेय सोडवताना ज्याची आठवण काढून तुम्ही कपाळाला हात लावता, तो युक्लिड, म्हणजे उकलीदस, याच शहरात शिकवत असे, असे सांगतात. याच ग्रंथालयाचा प्रमुख इराटोस्थेनिस याने घरबसल्या पृथ्वीचा घेर मोजला. दक्षिणेकडील सायीन गावात वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि खोल विहिरीच्या तळाशी उजेड पोहोचतो, हे त्याला माहीत होते. त्याच वेळी इस्कंदरियात मात्र काठीची सावली पडे. त्या सावलीचा कोन पूर्ण वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका भरला. दोन्ही गावांतील अंतर त्याने ५००० स्टेडिया धरले. स्टेडिया हे ग्रीकांचे अंतराचे माप. ५००० ला ५० ने गुणले, की पृथ्वीचा घेर आला २,५०,००० स्टेडिया! एक काठी, एक विहीर आणि एक गुणाकार, एवढेच साहित्य त्याला लागले.

हे ज्ञान पुढे अरबी भाषेत आले. नवव्या शतकात बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांची भाषांतरे जोमाने चालू होती. हुनैन इब्न इसहाक हा ख्रिस्ती विद्वान तेथे जालीनूस या ग्रीक वैद्याचे ग्रंथ सुर्यानी आणि अरबी भाषांत आणत होता. त्याच परंपरेत पुढे इब्न सीना झाला. त्याचा वैद्यकावरील ग्रंथ 'अल-कानून' म्हणून प्रसिद्ध आहे, आणि गंमत अशी की 'कानून' हा शब्दच ग्रीक 'कॅनोन'वरून आलेला आहे. आजही आपल्या गावातील हकीमसाहेब ज्या औषधपद्धतीने नाडी पाहतात, तिला 'युनानी' म्हणतात. युनानी म्हणजे ग्रीक. बुकरात आणि जालीनूस यांचे वैद्यक अरबांनी सांभाळले, वाढवले आणि ते भारतात आणले. ग्रीसमधल्या कोणाला आज 'युनानी दवाखाना' ही पाटी वाचून दाखवली, तर तो चकितच होईल.

इराणी लोक आयोनिया या ग्रीक प्रदेशातील लोकांना 'यौन' म्हणत. त्यावरून अरबी-फारसीत 'युनान' झाले आणि संस्कृतात 'यवन' झाले. म्हणजे युनानी आणि यवन हे शब्द सख्खे भाऊ आहेत. पुढे कित्येक शतकांनी मराठी बखरींतून 'यवन' हा शब्द मुसलमानांसाठी वापरलेला दिसतो. जुने मराठी लेखन वाचताना हा शब्द समोर आला, तर त्याचा पहिला अर्थ 'ग्रीक' होता हे ध्यानात असू द्या.

आता पूर्वेकडे वळू. अफगाणिस्तानच्या उत्तर सीमेवर अमूदर्या आणि कोकचा या नद्यांच्या संगमावर 'आय खानुम' नावाचे ठिकाण आहे. १९६१ साली अफगाणिस्तानचे राजे जहीर शाह शिकारीला गेले असताना त्यांना तेथे जुने कोरीव दगड दिसले. पुढे फ्रेंच संशोधकांनी १९७८ पर्यंत उत्खनन केले आणि मातीखालून एक अख्खे ग्रीक शहर बाहेर आले. नाट्यगृह होते, व्यायामशाळा होती, राजवाडा होता. ग्रीसपासून हजारो किलोमीटर दूर, मध्य आशियाच्या वाऱ्यात, लोक ग्रीक नाटके पाहत बसत असतील! तेथे एका चौथऱ्यावर ग्रीक भाषेत पाच छोटी उपदेशवचने कोरलेली सापडली. बालपणी शिस्त, तारुण्यात संयम, मध्यम वयात न्याय, म्हातारपणी चांगला सल्ला आणि मरताना दुःख नको, असा त्यांचा आशय आहे. क्लिआर्कस नावाच्या एका गृहस्थाने ती ग्रीसमधील डेल्फीच्या देवळातून काळजीपूर्वक उतरवून घेतली आणि इतक्या दूर आणून बसवली. घरापासून दूर राहणारी माणसे आपले शहाणपण कसे सोबत नेतात, हे तो दगड सांगतो. पुढे अफगाणिस्तानात युद्ध सुरू झाले आणि ही जागा लुटारूंनी खणून उद्ध्वस्त केली.

कंदाहार येथे १९५८ साली सम्राट अशोकाचा एक शिलालेख मिळाला. तो ग्रीक आणि आरामाइक अशा दोन भाषांत आहे. कलिंगच्या युद्धानंतर अशोकाने हिंसा सोडली आणि आपला 'धम्म' सर्वांना सांगायचे ठरवले. सीमेवरील ग्रीक प्रजेलाही तो कळावा म्हणून त्याने त्यांच्याच भाषेत लेख कोरवला. त्यात 'धम्म' या शब्दासाठी 'युसेबिया' हा ग्रीक शब्द वापरला आहे. त्याचा अर्थ श्रद्धा किंवा भक्ती. सिकंदराच्या फौजेबरोबर जी भाषा तलवारीच्या सावलीत आली, तीच भाषा सत्तर वर्षांच्या आत प्राण्यांना मारू नका, आईवडिलांचे ऐका, हे सांगण्यासाठी वापरली गेली. मला विचाराल तर सिकंदराच्या सगळ्या वारशात हा दगड मोलाचा आहे.

नंतर वायव्य भारतात ग्रीक वंशाच्या राजांनी राज्य केले. त्यांच्या नाण्यांच्या एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत मजकूर असे. खरोष्ठी ही उर्दूप्रमाणे उजवीकडून डावीकडे लिहीत. ॲगॅथोक्लीस या राजाच्या काही नाण्यांवर तर कृष्ण आणि बलराम आहेत. मिनँडर, म्हणजे मिलिंद राजा, याने नागसेन भिक्खूला धर्माविषयी एकामागून एक प्रश्न विचारले, ते 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहेत. मध्य प्रदेशातील विदिशाजवळ हेलिओडोरस नावाच्या ग्रीक वकिलाने वासुदेवाच्या भक्तीने उभारलेला गरुडस्तंभ आजही पाहायला मिळतो. गांधार प्रदेशात शिल्पकारांनी बुद्धाची मूर्ती घडवली, तेव्हा तिच्या अंगावरील वस्त्राच्या चुण्या आणि कुरळे केस ग्रीक पद्धतीने कोरले. चेहऱ्यावरची शांती मात्र ग्रीक देवांची नव्हे.

फारसी आणि उर्दू साहित्यात तर सिकंदर पार बदलून गेला. फिर्दौसीच्या 'शाहनामा'त तो इराणी बादशहाचाच मुलगा आहे. हरलेल्या इराणने जिंकणाऱ्याला आपल्याच घरातला ठरवून टाकले! निजामीच्या 'इस्कंदरनामा'त तो ज्ञानी लोकांशी चर्चा करणारा राजा होतो. आपल्या अमीर खुसरोंनीही 'आईना-ए-सिकंदरी' लिहिली. हजरत खिज्र यांच्याबरोबर तो आबे-हयात शोधायला निघतो आणि पाण्याविनाच परत येतो, ही कथा उर्दू शायरांना फार आवडते. कुरआन शरीफमधील जुलकरनैन म्हणजे सिकंदरच, असे काही जुन्या मुफस्सिरांनी मानले, काहींनी मानले नाही. मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या मते जुलकरनैन म्हणजे इराणचा बादशहा सायरस.

सिकंदर महाराष्ट्रात कधी आला नाही. पण त्याच्या मागून उत्तरेत आलेले यवन व्यापारी पुढे आपल्या घाटांपर्यंत पोहोचले. लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यात चैत्यगृहाचे अनेक खांब यवनांनी दान दिलेले आहेत, असे त्या खांबांवरच कोरले आहे. जुन्नरच्या लेण्यांतही यवनांची दाने आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यातील एक लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या उत्तरेकडील यवनाने कोरवून घेतले. नाव बघा, पूर्ण भारतीय! बापाचे नाव धम्मदेव. दोनतीन पिढ्यांत ही माणसे इथलीच झाली होती.

त्यांचे शब्दही इथले झाले. ग्रीकांच्या 'द्राख्मे' या नाण्यावरून संस्कृतात 'द्रम्म' आले, कोकणच्या शिलाहार राजांच्या लेखांत ते दिसते आणि त्याचेच पुढे 'दाम' झाले. अरबांचा 'दिरहम' हाही त्याच घराण्यातला. बोरूला ग्रीक 'कॅलॅमॉस' म्हणत, तो अरबीतून 'कलम' होऊन उर्दूत आणि मराठीत आला. आपला 'फानूस' हा ग्रीक 'फॅनॉस', म्हणजे दिवा. खाणीत लावतात तो 'सुरुंग' हा शब्द ग्रीक 'सिरिंक्स'वरून आला, असे विद्वान मानतात. आणि ज्या 'केंद्रा'वर जाऊन तुम्ही दहावीची परीक्षा देणार आहात, ते 'केंद्र' म्हणजे ग्रीक 'केन्ट्रॉन', वर्तुळाचा मध्यबिंदू. इस्कंदरियाच्या खगोलशास्त्राबरोबर हा शब्द भारतात आला. वराहमिहिरासारख्या ज्योतिष्याने मोकळ्या मनाने म्हणून ठेवले आहे, की यवन परके असले, तरी या शास्त्रातील ज्ञानामुळे ते ऋषींसारखे मान देण्याजोगे आहेत.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी या गावी एक मोठे घबाड सापडले. तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती. ती क्षत्रप राजा नहपान याची. सिकंदर जाऊन तेव्हा चारशे वर्षे होत आली होती आणि नहपान ग्रीकही नव्हता. तरी नाण्यावर त्याच्या चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरांत मजकूर आहे आणि मागे ब्राह्मी व खरोष्ठी लिप्या आहेत. नाशिकच्या बाजारात ती ग्रीक अक्षरे वाचू शकणारे किती जण असतील? पण चांगले नाणे असेच दिसते, अशी लोकांची सवय झाली होती. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला, तेव्हा त्याने ही नाणी वितळवली नाहीत. त्यांच्यावरच आपला ठसा मारला आणि ती पुन्हा बाजारात सोडली. त्यांतील कित्येक नाण्यांवर सातवाहनांच्या ठशाखालून जुना चेहरा आणि जुनी अक्षरे अजूनही डोकावताना दिसतात.

स्वाध्याय

१. 'अलेक्झांड्रॉस' या नावाचे 'सिकंदर' कसे झाले?
२. जरथुश्त्री ग्रंथांनी सिकंदराला 'शापित' का म्हटले? 'शाहनामा'त मात्र तो कोण आहे?
३. इराटोस्थेनिसने पृथ्वीचा घेर कसा मोजला? आकृती काढून सांगा.
४. कंदाहारचा शिलालेख अशोकाने ग्रीक भाषेत का कोरवला असेल? तुमच्या शब्दांत पाच-सहा ओळी लिहा.
५. 'कलम', 'दाम', 'केंद्र' हे शब्द वाक्यांत वापरा. मराठीत आणि उर्दूत 'कलम' या शब्दाचे कोणकोणते अर्थ होतात, ते घरी विचारून लिहून आणा.